दोन थेंबांचा माल आणि त्याची पारख

व्यापारी बांधवांनो, या पानावर आपण नेहमी सूत, कापड, चामडे, लाकूड, बाजारभाव आणि कर यांविषयी वाचतो. या खेपेस आम्ही अशा एका मालाविषयी लिहिणार आहोत जो आपल्यापैकी कोणाच्याही दुकानात नाही, पण ज्याच्या खऱ्याखोट्यावर घरातल्या आजारी माणसाचा इलाज ठरू शकतो. या मालाचे नाव अँटिबॉडी. तो छोट्या कुपीत येतो. कुपीत बहुधा १०० मायक्रोलिटर द्रव असतो, म्हणजे जेमतेम दोन थेंब. किंमत काही शे डॉलर. वजनाच्या हिशोबाने पाहिले तर सोनेसुद्धा त्यापुढे स्वस्त वाटेल.

अशा अँटिबॉडी हजारो प्रकारच्या आहेत. सगळ्यांची कथा सांगण्यापेक्षा एकीचीच नीट सांगावी असे आम्ही ठरवले. ही अँटिबॉडी 'सीडीएक्स-२' नावाचे प्रथिन ओळखते. आतड्याचे आतडेपण या प्रथिनावर टिकून आहे, म्हणून आतड्याची वाढ आणि आतड्याचा कर्करोग यांवर संशोधन करणाऱ्यांना तिची सतत गरज पडते.

आतड्याचा मुकादम

आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा पूर्ण संच असतो. डोळ्याच्या पेशीतही तोच आणि आतड्याच्या पेशीतही तोच. मग एक पेशी डोळ्याची आणि दुसरी आतड्याची का होते? विणकर बांधवांना हे समजायला अवघड नाही. कारखान्यात जकार्डच्या पत्त्यांचे सगळे संच ठेवलेले असले तरी आज मागावर कोणता संच चढवायचा हे कोणीतरी ठरवावे लागते. काठ मोराचा निघणार की कोयरीचा, हे त्या निवडीवर अवलंबून असते. पेशीत ही निवड करणारी खास प्रथिने असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर' म्हणतात. आम्ही त्यांना मुकादम म्हणू. ती जनुकांच्या धाग्यावर ठरावीक जागी बसतात आणि कोणते जनुक चालू करायचे, कोणते बंद ठेवायचे, ते ठरवतात.

सीडीएक्स-२ हा आतड्याचा मुकादम आहे. माणसात त्याचे जनुक तेराव्या गुणसूत्रावर आहे आणि प्रथिन ३१३ अमिनो आम्लांचे बनलेले आहे. या घराण्याचे मूळ फळमाशीत सापडले. तिथे 'कॉडल' नावाचे जनुक माशीच्या अंगाचा मागचा भाग घडवते. माणसात या घराण्याचे तीन भाऊ आहेत : सीडीएक्स-१, सीडीएक्स-२ आणि सीडीएक्स-४. हे तीन भाऊ ध्यानात ठेवावेत, पुढे त्यांचे काम पडणार आहे.

गर्भात या प्रथिनाचे काम फार लवकर सुरू होते. उंदराचा गर्भ आईच्या गर्भाशयाला चिकटण्याआधी त्याचे बाहेरचे आवरण बनते, त्यासाठी ते लागते. ज्या गर्भात ते मुळीच नाही तो गर्भाशयाला चिकटू शकत नाही आणि तिथेच संपतो. पुढे आतडे बनताना त्याची पुन्हा गरज लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदराच्या गर्भात फक्त आतड्याच्या मूळ थरातून हे जनुक काढून टाकले. तेव्हा आतड्याच्या मागच्या भागाचे अस्तर आतड्याचे न होता अन्ननलिकेसारखे झाले. त्याआधी २००२ साली उलटा प्रयोग झाला होता. उंदराच्या जठरात, जिथे हे प्रथिन एरवी नसते, तिथे ते मुद्दाम तयार करवले, तर जठराच्या अस्तरात आतड्यासारख्या पेशी दिसू लागल्या. मुकादम बदलला की माग तोच राहतो, कापड मात्र दुसरे निघते.

मोठ्या माणसात हे प्रथिन लहान आतड्याच्या सुरुवातीपासून गुदाशयापर्यंतच्या अस्तरात सापडते. निरोगी जठरात आणि अन्ननलिकेत ते नसते. तिथे ते दिसू लागले तर अस्तर आपला जातिधर्म सोडून आतड्यासारखे होत आहे, असा त्याचा अर्थ लावतात. मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत ते टिकून असते, काही थोड्यांत मात्र नाहीसे होते. म्हणून 'इथे सीडीएक्स-२ आहे की नाही' या साध्या प्रश्नाला मोठी किंमत आली. हे प्रथिन डोळ्यांना दिसत नाही, नुसत्या सूक्ष्मदर्शकाखालीही ओळखू येत नाही. त्याला शोधून रंग लावणारे कोणीतरी पाहिजे. ते काम अँटिबॉडी करते.

माल तयार कसा होतो

अँटिबॉडी ही शरीराच्या पहारेकऱ्याची वस्तू आहे. परका पदार्थ अंगात आला की शरीर त्याला नेमके चिकटणारे प्रथिन तयार करते. जर्मनीत १८९० साली बेहरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी दाखवले की, धनुर्वातापासून सुरक्षित केलेल्या जनावराच्या रक्तजलाने दुसऱ्या जनावराचेही रक्षण होते. आजच्या कुप्यांचे मूळ त्या कामात आहे.

जुनी पद्धत अशी. सशाला किंवा बकरीला सीडीएक्स-२ प्रथिनाचा तुकडा टोचायचा, काही आठवडे थांबायचे आणि मग रक्त काढून त्यातून अँटिबॉडी वेगळी करायची. या मालाला 'पॉलिक्लोनल' म्हणतात. त्यात एकच नव्हे तर अनेक प्रकारच्या अँटिबॉडींचा मेळ असतो. अडचण कोणती, हे रंगाऱ्याला लगेच कळेल. ससा बदलला की लॉट बदलला, आणि लॉट बदलला की शेड बदलली. पहिली कुपी उत्तम निघाली म्हणून दुसरी तशीच निघेल याचा भरवसा नाही. आणि तो ससा मेला की तो माल कायमचा संपला.

दुसरी पद्धत १९७५ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथे कोलर आणि मिल्स्टाइन यांनी काढली. उंदराच्या प्लीहेत अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी असतात, पण बाहेर काढल्या की त्या थोड्याच दिवसांत मरतात. त्यांनी या पेशी कर्करोगाच्या न मरणाऱ्या पेशींशी जोडल्या. मग एकेक पेशी वेगळी करून वाढवली. एका पेशीची सगळी संतती एकाच प्रकारची अँटिबॉडी देते. हा 'मोनोक्लोनल' माल. या शोधासाठी दोघांना १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या शोधाचे पेटंट मात्र घेतले गेले नाही. त्या पद्धतीवर जगभर मोठा धंदा उभा राहिला.

तिसरी पद्धत अलीकडची. अँटिबॉडीचे जनुकच वाचून लिहून ठेवायचे आणि त्यावरून हवे तेव्हा प्रयोगशाळेतील पेशींकडून माल बनवून घ्यायचा. याला 'रिकॉम्बिनंट' म्हणतात. नक्षीचा मूळ कागदच जपून ठेवल्यासारखे हे आहे. कारागीर बदलला तरी नक्षी तीच निघते. सीडीएक्स-२ साठी तिन्ही प्रकारचा माल बाजारात आहे. त्यात 'सीडीएक्स२-८८' नावाचा उंदराचा आणि 'ईपीआर२७६४वाय' नावाचा सशाचा मोनोक्लोनल माल प्रयोगशाळांत चांगले परिचित आहेत.

रंगाचे काम

यापुढचे काम आपल्या रंगाऱ्यांच्या कामाशी जवळचे आहे. रुग्णाच्या आतड्याचा तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या ठोकळ्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात. फॉर्मलिनने प्रथिने आखडून जातात, म्हणून काप गरम द्रावणात उकळून प्रथिनांना पुन्हा मोकळे करावे लागते. ही युक्ती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि त्यानंतर या कामाला खरा वेग आला. कापड रंगवण्याआधी खळ काढून घ्यावी, तसेच हे.

मग काचेवर सीडीएक्स-२ ची अँटिबॉडी, शंभर पट किंवा त्याहून जास्त पातळ करून, सोडतात. ती प्रथिन शोधून त्याला चिकटते. जास्तीची धुऊन काढतात. त्यावर दुसरी अँटिबॉडी टाकतात. ही पहिलीला ओळखणारी असते आणि तिच्याबरोबर एक एन्झाइम जोडलेले असते. ते एन्झाइम हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट कंदातून मिळते. शेवटी 'डॅब' नावाचे रसायन घातले की जिथे एन्झाइम आहे तिथेच तपकिरी रंग बसतो.

बाकीचा भाग दिसावा म्हणून निळा रंग देतात. त्याचे नाव हिमॅटॉक्सिलिन. हा रंग मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळतो आणि डॉक्टरांच्या हाती येण्यापूर्वी तो शतकानुशतके कापड रंगवण्यासाठी वापरला जात होता. नुसता रंग धरत नाही, त्याला तुरटी लागते. आपले रंगारी मंजिष्ठेच्या लाल रंगाला तुरटी देत आले, तीच ही तुरटी. पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरनेही कापडाच्या कारखान्यांतले नवे रंग घेऊनच पेशी रंगवण्याचे काम सुरू केले होते, आणि अँटिबॉडी हा शब्दही त्याच्याच लेखणीतून, १८९१ साली, आला. कापडाच्या धंद्याने वैद्यकशास्त्राला दिलेले हे देणे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

सीडीएक्स-२ हा मुकादम असल्यामुळे त्याची बैठक पेशीच्या केंद्रकात असते. म्हणून खरा तपकिरी रंग केंद्रकातच बसला पाहिजे. सगळी पेशीच मळकट तपकिरी झाली असेल, तर तो रंग सांडलेला समजावा.

शिक्का एकाचा, माल दुसऱ्याचा

आता मुख्य मुद्दा. कुपीवर 'सीडीएक्स-२ ची अँटिबॉडी' असे छापले म्हणजे आतला माल फक्त सीडीएक्स-२ लाच चिकटतो, हे कशावरून? तीन भाऊ आम्ही वर सांगितले. त्यांचा काही भाग एकमेकांशी फार मिळताजुळता आहे. अँटिबॉडी जर त्या सामाईक भागावर बनवलेली असेल, तर ती सीडीएक्स-१ लाही चिकटेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की सीडीएक्स-२ सापडले.

ही नुसती शंका नाही. कॅनडात टोरांटो येथे दियामांदिस यांच्या प्रयोगशाळेने स्वादुपिंडाच्या कर्करोगाची खूण म्हणून 'सीयूझेडडी-१' या प्रथिनाचा अभ्यास विकतच्या किटवर केला. दोन वर्षे गेली, पाच लाख डॉलर गेले, रुग्णांचे हजारो नमुने खर्ची पडले. शेवटी उघड झाले की किटमधली अँटिबॉडी त्या प्रथिनाला नव्हे, तर 'सीए-१२५' या दुसऱ्याच प्रथिनाला धरत होती. इस्ट्रोजेनच्या एका ग्राहक-प्रथिनासाठी वापरल्या जाणाऱ्या १३ अँटिबॉडी २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासल्या गेल्या, तेव्हा एकच खरी उतरली. २०१५ साली ब्रॅडबरी आणि प्लुक्थुन या दोन तज्ज्ञांनी 'नेचर' मासिकात अंदाज मांडला की, खराब अँटिबॉडींपायी जगात दर वर्षी ८० कोटी डॉलर वाया जातात.

धंद्याची आणखी एक रीत आपल्या ओळखीची आहे. एकच कारखाना माल बनवतो आणि चार कंपन्या आपापला शिक्का मारून तो विकतात. ही लबाडी नव्हे, ठोक बाजारात हे चालतेच. पण संशोधकाने खात्री व्हावी म्हणून दोन कंपन्यांच्या दोन कुप्या घेतल्या आणि दोन्हींत एकच क्लोन निघाला, तर ती खात्री झालीच नाही. एकाच थानाचे दोन तुकडे जुळले, यात नवल ते काय?

खातरजमा कशी करावी

चांगला संशोधक ही खातरजमा कशी करतो, हे पाहिले तर प्रत्येक धंद्यातल्या माणसाला त्यात आपलीच रीत दिसेल. २०१६ साली तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने अँटिबॉडी तपासण्याचे पाच मार्ग सुचवले. त्यांतले तीन आम्ही साध्या शब्दांत देतो.

पहिला मार्ग, जिथे वस्तू नाही हे पक्के ठाऊक आहे तिथे लावून पाहणे. पेशीतून सीडीएक्स-२ चे जनुकच काढून टाकायचे आणि मग अँटिबॉडी लावायची. तरीही रंग बसला तर माल खोटा. ही कसोटी सर्वांत कडक. दुसरा मार्ग, त्याच प्रथिनाच्या वेगळ्या भागावर बनलेली दुसरी अँटिबॉडी लावून दोन्हींची साक्ष जुळते का ते पाहणे. तिसरा मार्ग, अँटिबॉडी न वापरता दुसऱ्या रीतीने मोजमाप करणे आणि आकडे ताडून पाहणे.

याशिवाय रोजच्या कामातही प्रत्येक वेळी नमुने बरोबर ठेवतात. सीडीएक्स-२ साठी मोठे आतडे किंवा अपेंडिक्स ठेवावे, तिथे केंद्रके गडद तपकिरी व्हावीत. स्वादुपिंडाचा काप ठेवावा, कारण त्याच्या नलिकांच्या पेशींत हे प्रथिन थोडेच असते, आणि रंगकाम चोख असेल तरच तिथे फिका रंग दिसतो. टॉन्सिलचा काप ठेवावा, तिथे रंग मुळीच बसू नये. भरपूर, थोडे आणि शून्य, अशा तीन नमुन्यांवर खरा उतरला तो माल खरा. गडद नमुन्यावर तर हलका मालही खपून जातो. फिक्या नमुन्यावरच त्याची परीक्षा होते.

विकणाऱ्यांचीही एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. कॅनडातील एका शास्त्रीय गटाने कंपन्यांना बरोबर घेऊन ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडी जनुक काढलेल्या पेशींवर तपासल्या आणि २०२३ साली निकाल जाहीर केले. त्यात रिकॉम्बिनंट माल सरासरीने सरस ठरला. निकाल पाहून कंपन्यांनी कसोटीला न उतरलेल्या मालापैकी सुमारे २० टक्के बाजारातून काढून घेतला आणि सुमारे ४० टक्क्यांचा वापर कशासाठी करावा ही शिफारस बदलली. ऐब कळल्यावर माल मागे घेणे, याला आम्ही सचोटीचा धंदा म्हणतो.

लेबल वाचण्याची सवय

प्रयोगशाळेला रसायने पुरवण्याच्या धंद्यात आपली काही मुले आता उतरत आहेत. त्यांच्यासाठी चार गोष्टी. क्लोनचे नाव, लॉट नंबर आणि जनावर कोणते, हे तिन्ही बिलावर लिहून द्यावे. 'रिसर्च यूज ओन्ली' असे छापलेला माल संशोधनासाठी असतो, रुग्णाच्या निदानासाठी नव्हे. तो निदानासाठी म्हणून खपवू नये. 'हा माल मेणाच्या कापावर चालतो का' हे विचारून घ्यावे, कारण एका कामात उत्तम असलेली अँटिबॉडी दुसऱ्या कामात निकामी ठरू शकते. आणि थंडी सांभाळावी. पुष्कळसा माल २ ते ८ अंशांत, काही उणे २० अंशांत ठेवावा लागतो. पुन्हा पुन्हा गोठवला आणि वितळवला की तो मरतो, आणि मेलेला माल दिसायला जिवंतासारखाच स्वच्छ दिसतो. म्हणून कुपीसोबत तिचा प्रवासही विकला जातो, असे समजावे.

रिपोर्ट हाती आला तर

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांचाही एक दिवस याच्याशी संबंध येऊ शकतो. यकृतात कर्करोगाची गाठ सापडते आणि मूळ कुठले ते कळत नाही. मूळ कळल्याशिवाय योग्य औषध ठरत नाही. अशा वेळी पॅथॉलॉजिस्ट सीडीएक्स-२ आणि त्याच्या जोडीला 'सीके-७', 'सीके-२०' अशा अँटिबॉडी लावतात. सीडीएक्स-२ आणि सीके-२० पॉझिटिव्ह, सीके-७ निगेटिव्ह, असे आले तर बोट मोठ्या आतड्याकडे जाते. पण जठर, स्वादुपिंड, अंडाशय यांच्या काही गाठीही सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह असतात, म्हणून एकट्या साक्षीदारावर निवाडा करत नाहीत.

२०१६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दालेर्बा आणि सहकाऱ्यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या ४६६ रुग्णांपैकी ३२ जणांच्या गाठीत सीडीएक्स-२ नव्हते. पाच वर्षे रोगाशिवाय काढणाऱ्यांचे प्रमाण त्यांच्यात ४१ टक्के होते, इतरांत ७४ टक्के. दुसऱ्या टप्प्याच्या रोगात, सीडीएक्स-२ नसलेल्या रुग्णांपैकी शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घेतलेल्या २३ जणांत हे प्रमाण ९१ टक्के आले, न घेतलेल्या २५ जणांत ५६ टक्के. ही संख्या लहान आहे आणि जुन्या नोंदींवरून काढलेली आहे, त्यामुळे केवळ तिच्यावर इलाज ठरत नाही, तो डॉक्टरांनी ठरवायचा. पण 'निगेटिव्ह' या एका शब्दाचे वजन किती, हे त्यावरून कळते. आणि तो शब्द खरा की कुपी मेलेली होती, हा प्रश्न किती मोठा, हेही कळते.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. घरात असा रिपोर्ट आला तर प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता आहे का, हे विचारावे. तपासणीसोबत नमुन्याचे काप ठेवले होते का, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला संकोच करू नये. मेणाचा ठोकळा आणि काचा कुठे ठेवल्या आहेत, त्यांचा नंबर काय, याची नोंद घरी ठेवावी, म्हणजे मोठ्या रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे झाले तर त्या मागून नेता येतील. दोनशे रुपयांचे कापड घेताना आपण थान उलगडून, उजेडात धरून, कोपरा ओला करून रंग जातो का ते पाहतो. जिथे माणसाच्या इलाजाचा प्रश्न आहे, तिथे एक प्रश्न जास्त विचारला म्हणून कोणी रागावण्याचे कारण नाही.